चाप, फासा आणि गोफण : डोणगाव मुलखातील शिकारीच्या हत्यारांचा इतिहास

बुलढाणा जिल्ह्याच्या दक्षिण भागातील मेहकर तालुक्यात, मेहकरहून मालेगावकडे जाणाऱ्या रस्त्यावर डोणगाव हे बाजाराचे गाव वसलेले आहे. वऱ्हाडच्या जुन्या विभागणीप्रमाणे ते बालाघाटात, म्हणजे घाटावरच्या पठारी मुलखात मोडते. घाट उतरल्यावर लागणारे पूर्णेचे सपाट, काळ्या मातीचे खोरे हा पायनघाट, आणि त्याच्याही उत्तरेला, जळगाव जामोद व संग्रामपूर या तालुक्यांच्या माथ्यावर, सातपुड्याची रांग उभी आहे. शिकारीच्या हत्यारांचा विचार करताना हे तीन पट्टे वेगवेगळे धरावे लागतात, कारण शिकाऱ्याने पहिले हत्यार कोणते हाती धरावे याचा निर्णय येथे बहुतेक काळ शिकाऱ्याकडे नव्हताच. तो पायाखालची जमीन, जवळपासचे झाड, समोरचे सावज, जन्माने वाट्याला आलेला धंदा आणि अखेरीस सरकारचा कायदा यांनी मिळून घेतलेला असे. किंमत व वजन पाहून दुकानातून पहिले हत्यार निवडण्याची रीत फार अलीकडची असून, पाश्चात्त्य देशांतील हौशी शिकारी आज ज्या क्रॉसबोची अशी पारख करतात, तो तर या मुलखाच्या अनुभवात कधी आलाच नाही. तो का आला नाही आणि त्याची जागा कशाने भरून काढली, हा प्रश्न विचारला की वऱ्हाडच्या शिकारीचा बराचसा इतिहास आपोआप उलगडू लागतो.

क्रॉसबो म्हणजे लाकडी दांड्याच्या टोकाशी आडवे बसवलेले धनुष्य होय. त्याची दोरी मागे ओढून एका खिटीत अडकवतात, दांड्याच्या वरच्या खाचेत आखूड बाण ठेवतात, दांडा बंदुकीप्रमाणे खांद्याला लावून नेम धरतात आणि बोटाने खिटी सोडवली की बाण सुटतो. साध्या धनुष्यात दोरी ओढणे, ती ताणून धरणे आणि नेम साधणे ही तिन्ही कामे एकाच वेळी, एकाच माणसाच्या खांद्याला व बोटांना करावी लागतात. क्रॉसबो ही कामे एकमेकांपासून तोडतो, त्यामुळे ताण एकदा भरून ठेवला की शिकाऱ्याला दम न लागता सावजाची वाट पाहत बसता येते. चीनमध्ये ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकापासून काशाच्या ओतीव खिट्या असलेले असे धनुष्य सैन्यात रूढ होते, आणि मध्ययुगीन युरोपात त्याची दहशत एवढी वाढली की ११३९ च्या लॅटरन धर्मपरिषदेने ख्रिस्ती माणसांविरुद्ध त्याच्या वापराचा निषेध केला. दहशतीचे कारण उघड होते : वर्षानुवर्षांचा सराव नसलेल्या शिपायालाही चिलखती सरदार पाडता येऊ लागला. आजच्या शिकारी क्रॉसबोची ओढ, म्हणजे दोरी मागे खेचण्यास लागणारा जोर, साधारणपणे १५० ते २०० पौंडांच्या घरात असते, तर हाताने ओढावयाचे शिकारी धनुष्य ४० ते ६० पौंडांत भागते. मात्र क्रॉसबोची दोरी फार थोडे अंतर धावत असल्याने हा सगळा जोर बाणाला मिळतोच असे नाही, आणि ओढीचा मोठा आकडा पाहून हुरळणारा नवशिका पहिली चूक तेथेच करतो.

भारतात हे हत्यार अगदीच अपरिचित होते असे नाही. अरुणाचल प्रदेशातील लिसू लोक ते वापरत आले आहेत, निकोबार बेटांवर ते आढळले आहे, आणि मलबारच्या किनाऱ्यावरील क्रॉसबोविषयी जेम्स हॉर्नेल या अभ्यासकाने १९२४ मध्ये एक प्रबंधही प्रसिद्ध केला. ही सारी ठिकाणे देशाच्या कडेची आहेत : एक ब्रह्मदेशाच्या बाजूची, बाकीची समुद्राकाठची. मराठी मुलखाच्या सर्वांत जवळ तो आला तो गोव्यात, सोळाव्या शतकाच्या आरंभी पोर्तुगीज आरमारांबरोबर. त्यांच्या जहाजांवर ‘बेश्तेइरू’ म्हणजे क्रॉसबो चालवणारे शिपाई असत. परंतु अफोंसु दि आल्बुकेर्कने १५१० मध्ये गोवा घेतले त्या सुमारास युरोपातच हे हत्यार तोड्याच्या बंदुकीपुढे मागे पडू लागले होते. (तोडा म्हणजे जळती वात, ती दारूला टेकवून बार उडवला जाई.) घाट चढून देशावर, आणि तेथून वऱ्हाडच्या इमादशाहीपर्यंत, क्रॉसबो पोहोचण्याआधी बंदूकच पोहोचली. एखादे हत्यार लोकांनी पारखून नाकारले, असे म्हणण्यापेक्षा ते येण्याची वेळच टळून गेली, असे म्हणणे येथे अधिक योग्य ठरेल.

मराठी भाषेने मात्र या सगळ्याची एक गमतीची खूण जपून ठेवली आहे. संस्कृतात ‘चाप’ म्हणजे धनुष्य. मराठीत बंदुकीचा जो भाग बोटाने ओढला की बार उडतो, त्यालाही चापच म्हणतात, आणि दाबून धरणाऱ्या, दाब काढताच सुटणाऱ्या कोणत्याही कळीला, अगदी केसांना लावावयाच्या चिमट्यालासुद्धा, हाच शब्द चालतो. चापाचे धनुष्य मराठी माणसाने पाहिले नसले, तरी धनुष्य आणि खिटी या दोन वस्तू भाषेने एका शब्दात बसवल्या आहेत.

पहिले धनुष्य निवडावे कसे, याविषयी भारतीय ग्रंथांत विस्ताराने लिहिलेले आहे. कौटिलीय अर्थशास्त्रात धनुष्यांचे साहित्यावरून चार प्रकार सांगितले आहेत, ते ताडाचे, वेळूचे, अन्य लाकडाचे आणि शिंगाचे. आणि दोरीसाठी जी सहा द्रव्ये दिली आहेत त्यांत मूर्वा या वेलीच्या जोडीने रुई, ताग, वेळूची साल व जनावराच्या स्नायूचे तंतू यांचा समावेश होतो. यांतील रुई ही डोणगावच्या पडीक जमिनीवर, बांधावर आणि रस्त्याच्या कडेला आजही आपोआप उगवते. मारुतीला शनिवारी तिच्या पानांची माळ घालणाऱ्याला तिच्या सालीचा चिवट धागा एके काळी बाण फेकीत असे, याची सहसा आठवण नसते. धनुर्वेद या विषयावरील पुढच्या काळातील ग्रंथांत, विशेषतः वसिष्ठाच्या नावावर असलेल्या धनुर्वेदात आणि १३६३ मध्ये सिद्ध झालेल्या शार्ङ्गधरपद्धतीच्या धनुर्विद्येवरील भागात, या साहित्याचा काळसुद्धा सांगितलेला असून रुईची साल भाद्रपदात काढलेली उत्तम मानली आहे, म्हणजे पावसाने झाड रसरशीत झालेले असताना आणि ऊन तापू लागण्याआधी.

याच ग्रंथांत नवशिक्यासाठी दिलेला उपदेश आजच्या दुकानदाराने पाटीवर लिहून ठेवावा इतका नेमका आहे. आधी सरावाचे धनुष्य, मग युद्धाचे, असा क्रम त्यांत घालून दिला असून, धनुष्याचा जोर धनुर्धराच्या बाहुबलापेक्षा किंचित कमीच असावा असे सांगितले आहे, कारण धनुष्य माणसाहून बलवान झाले की त्याला ताणण्यातच सारी शक्ती खर्च होते आणि नेम कोठच्या कोठे जातो. वेळूच्या धनुष्याची पारख पेरांवरून करावी. तीन, पाच, सात किंवा नऊ पेरांचे धनुष्य चांगले, चार, सहा किंवा आठ पेरांचे टाकाऊ. विषम पेरांचा हा आग्रह वरवर शकुनासारखा दिसतो, परंतु त्यामागे कारागिराचा व्यवहार असावा असे मानण्यास जागा आहे : विषम पेरे असली की बरोबर मध्ये, मुठीच्या जागी, अखंड पेर येते आणि दोन्ही बाजूंना कांड्यांची संख्या सारखी राहून दोन्ही पाती सारखी वाकतात. फार जुना, कोवळा, जळलेला, भोक पडलेला वेळू वर्ज्य सांगितला आहे, तसेच धनुष्याच्या गळ्याशी किंवा तळाशी गाठ असू नये असेही बजावले आहे. शिंगाचे धनुष्य हत्ती व घोड्यावरून लढणाऱ्यासाठी आणि वेळूचे रथी व पायदळासाठी, अशी वाटणीही त्यांत आढळते. म्हणजे शिंग, स्नायू व लाकूड एकत्र चिकटवून केलेले महागाचे धनुष्य वरच्या थरातल्या योद्ध्याचे, आणि वेळूचे धनुष्य पायी चालणाऱ्याचे. आणखी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. ‘नालीक’ नावाचे हलके बाण नळीच्या यंत्राने सोडावेत आणि ते उंचावर, दूरवर किंवा किल्ल्याच्या लढाईत उपयोगी पडतात, असा उल्लेख या परंपरेत येतो. संस्कृत ग्रंथांत क्रॉसबोचा त्यातल्या त्यात जवळचा नातलग शोधायचाच तर तो हा.

शिंगाच्या धनुष्याचे नाव डोणगावकरांच्या रोजच्या बोलण्यात आहे, हे येथे नमूद करावयास हवे. तालुक्याचे गाव असलेल्या मेहकरात १८८८ मध्ये जमिनीखालून मिळालेली विष्णूची भव्य मूर्ती शारंगधर बालाजी या नावाने पुजली जाते. शारंगधर म्हणजे शार्ङ्ग हे धनुष्य धारण करणारा, आणि शार्ङ्ग म्हणजे शिंगापासून बनलेले. वर उल्लेखलेल्या शार्ङ्गधरपद्धतीच्या कर्त्याचेही नाव शार्ङ्गधर असावे हा निव्वळ योगायोग असून त्याचा मेहकरशी संबंध जोडण्याचे कारण नाही, परंतु ज्या पठारावर साध्या माणसाला शिंगाचे धनुष्य कधी परवडले नसेल, तेथेच ते देवाच्या नावात टिकून राहिले, ही गोष्ट लक्षणीय आहे.

धनुष्याचा अडसर केवळ किमतीचा नव्हता. तो अंगठ्याचाही होता. आशियाच्या मोठ्या भागात दोरी अंगठ्याने ओढण्याची पद्धत होती आणि त्यासाठी अंगठ्यात शिंगाचे, दगडाचे किंवा हस्तिदंताचे कडे घालीत. एकलव्याच्या कथेत द्रोणाने मागितलेला अंगठा याच पद्धतीत एवढा मोलाचा ठरतो, आणि भिल्लांत दोरी अंगठा न लावता पहिल्या दोन बोटांनी ओढण्याची जी रीत सांगितली जाते तिचा संबंध लोकपरंपरा त्याच कथेशी जोडते. इतिहास म्हणून या जोडणीला आधार देता येणार नाही. हत्यार वापरण्याच्या रीतीतूनही एक समाज स्वतःला कसा ओळखतो, हे मात्र तीतून नीट दिसते.

सातपुड्यात धनुष्य टिकले याचे मुख्य कारण वेळू. विदर्भाच्या कोरड्या जंगलात वाढणारा मानवेल बांबू बहुतेक भरीव असतो. त्याची लाठी होते, वासा होतो आणि धनुष्यही होते. तो पावसाळा संपून रस उतरल्यावर तोडावा, आणि तोही अंधाऱ्या पक्षात, म्हणजे त्याला भुंगा लागत नाही, असा जुन्या माणसांचा दंडक असे. यातील चंद्राचा भाग श्रद्धेचा म्हणून सोडला तरी ऋतूचा भाग खरा आहे, कारण रसातील साखर व पिठूळ द्रव्ये हेच भुंग्याचे अन्न असते. भिल्लांच्या तिरकमठ्याचे (तीर म्हणजे बाण आणि कमठा म्हणजे धनुष्य) वैशिष्ट्य असे की त्याची कांब तर बांबूची असतेच, पण दोरीही बांबूच्याच सालीची पट्टी काढून केलेली असते. ही पट्टी सुताच्या दोरीप्रमाणे दमट हवेत सैल पडत नाही, तुटली तर जंगलातच नवी काढता येते, आणि धनुर्वेदाच्या ग्रंथांत पिकल्या वेळूच्या सालीची, रेशमी धाग्याने गुंडाळलेली जी दोरी सांगितली आहे, तिची ही बिनरेशमी बहीण म्हणता येईल. बाणाचे टोक लोहाराकडून घडवून घेतलेले असे. पाखरांसाठी बोथट लाकडी टोकही पुरत असे, कारण त्याने पाखरू ठेचून पडते आणि मांस फाटत नाही. अशा मुलखात मुलाचे पहिले धनुष्य घरातच तयार होई आणि त्याच्या उंचीबरोबर बदलत जाई, त्यामुळे निवडीचा प्रश्न कधी उभाच राहिला नाही.

डोणगावच्या पठारावर मात्र परिस्थिती अगदी वेगळी होती. येथे आडोसा कमी. ज्वारी-कापसाची शेते, गवताळ माळ, नाल्याकाठची बाभूळ आणि बोरीची झुडपे. अशा उघड्या रानातील मुख्य सावज म्हणजे काळवीट, चिंकारा, ससा, तितर व लावा. काळवीट ताशी सुमारे ८० किलोमीटर वेगाने धावू शकते आणि त्याचा कळप माणसाची चाहूल फार दुरून घेतो, तर बांबूच्या धनुष्याने खात्रीचा बाण मारावयाचा झाल्यास सावज वीस-तीस पावलांच्या आत यावे लागते. जंगलात झाडामागे उभे राहून ही जवळीक साधता येते. माळावर ती साधणे जवळजवळ अशक्य. म्हणून पठारावर सावजाच्या मागे जाण्यापेक्षा सावजाच्या वाटेत काहीतरी मांडून ठेवण्याची विद्या वाढली, आणि त्या विद्येचे जाणकार होते पारधी.

‘पारध’ हा शब्द संस्कृतातील ‘पापर्द्धि’ या मृगयावाचक शब्दापर्यंत मागे नेला जातो. ज्या शब्दाच्या पोटातच पाप आहे अशा धंद्यावर एक समाज शतकानुशतके जगला. रसेल व हिरालाल यांच्या मध्य प्रांतातील जातिजमातींवरील १९१६ च्या ग्रंथात पारध्यांचे पोटभेद त्यांच्या साधनांवरून सांगितलेले आहेत. फासे लावणारे ते फासेपारधी, चित्ता पाळून त्याच्याकडून काळवीट धरविणारे ते चित्तेवाले, आणि बंदूक वापरणारे ते शिकारी किंवा भिल्लपारधी. म्हणजे येथे हत्यार माणसाने निवडले असे न होता हत्यारानेच माणसाची जात ठरवलेली दिसते.

फासेपारध्यांचा हरणाचा फासा जवळून पाहिला तर तो दिसण्यास अगदी साधा वाटतो. एक लांब दोर जमिनीलगत खुंट्यांनी ठोकलेला असतो आणि त्याला ठराविक अंतरावर जनावराच्या स्नायूच्या किंवा आतड्याच्या तातीचे सरकफास बांधलेले असतात. सरकफास म्हणजे ज्याची गाठ ओढ बसताच आवळत जाते असा फास. हरणाचा पाय किंवा शिंग त्यात सापडले की त्याची स्वतःचीच धाव त्याला जखडून टाकते. कळपाच्या नेहमीच्या वाटेवर हा दोर आडवा मांडून माणसे फार दुरून, घाई न करता, कळप हळूहळू त्या बाजूस वळवीत. हाकारा घालून जनावर उधळले तर ते भलत्याच दिशेने जाते, म्हणून संथपणा हेच या कामातले खरे कौशल्य. तितर-लाव्यांसाठी फासा लहान होई : बांबूच्या बारीक कामट्या ओळीने रोवून त्यांना घोड्याच्या शेपटीच्या केसांचे फास लावीत, आणि जवळच पिंजऱ्यातला बोलका तितर ठेवून त्याच्या आवाजाने रानातले तितर बोलावून घेत. सशासाठी वाघूर, म्हणजे झुडपांच्या फटीत उभे करावयाचे जाळे, असे. आडोसा नसलेल्या रानात पारध्याने आडोसाच बरोबर नेला. शिकवलेला बैल किंवा गाय चरत चरत पुढे सरके आणि तिच्या आडून माणूस, कारण चरणाऱ्या गुराला ना हरीण बिचकते ना तितर. पाळीव काळविटाच्या शिंगांना फास बांधून त्याला रानटी नराशी झुंजावयास सोडण्याची युक्तीही होती. अकबराच्या दरबारातील या प्रकारच्या शिकारीचे वर्णन अबुल फझलने ऐन-इ-अकबरीत केले आहे, आणि त्याच ग्रंथात वऱ्हाड सुभ्यातील एक सरकार म्हणून मेहकरची नोंद आहे.

क्रॉसबोचे मर्म कशात आहे, हे आठवले म्हणजे या फाशाचे महत्त्व ध्यानात येते. ताण आधी भरून ठेवावा, तो खिटीने अडवून धरावा, शिकाऱ्याने थकू नये आणि योग्य क्षणी एका हलक्या स्पर्शाने काम व्हावे, हे ते मर्म होय. फाशाने यांतील वाट पाहण्याचे सारे काम माणसाच्या खांद्यावरून काढून जमिनीवर ठेवले, आणि ताण पुरवण्याचे काम सावजाच्याच धावेवर सोपवले. त्यात लोखंड नाही, ओतीव खिटी नाही, आवाज नाही. मोडला तर पुन्हा वळता येतो आणि गुंडाळला तर एका झोळीत मावतो. पठारावरच्या शिकाऱ्याला क्रॉसबोने देण्यासारखे जे होते, ते त्याच्याजवळ आधीपासून, याहून स्वस्त रूपात होते. शिकारीच्या इतिहासात धनुष्य-तलवारींना जेवढी पाने मिळतात तेवढी या दोरीला मिळत नाहीत, याचे कारण ती राजांच्या चित्रांत शोभत नाही, एवढेच असावे.

एकोणिसाव्या शतकात पारधी समाजावर दोन्ही बाजूंनी घाला आला. १८५३ च्या तहाने वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात गेल्यावर कापसाची लागवड फोफावली, गवताळ माळ नांगराखाली आले आणि हरणांचे कळप आक्रसले. दुसरीकडे १८७१ पासून सुरू झालेल्या आणि १९११ व १९२४ मध्ये अधिक कडक केलेल्या गुन्हेगार जमातींच्या कायद्यांखाली पारध्यांच्या अनेक गटांची नोंद झाली, त्यामुळे जो फिरता धंदा त्यांचे पोट भरत होता ते फिरणेच संशयास्पद ठरले. त्यांच्यातीलच काही गट वऱ्हाडात टाकणकर म्हणून ओळखले जाऊ लागले. जात्याचा दगड झिजून गुळगुळीत झाला की छिन्नीने त्याला पुन्हा टाके घालून देणे हा त्यांचा धंदा, आणि पिठाच्या गिरण्या आल्यावर तोही बसला. हा जाचक कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, आणि ज्याला पारध्यांची एक शाखा पाळीत असे तो चित्ता भारतातून नामशेष झाल्याचे जाहीर झाले तेही त्याच वर्षी. महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादीत आजही पारधी या नोंदीबरोबर फासेपारधी, चित्तापारधी, शिकारी, टाकणकर अशी नावे एका ओळीत दिलेली आहेत. धंदे गेले तरी हत्यारांची नावे प्रमाणपत्रावर राहिली.

शेतकऱ्याचे हत्यार यांहून निराळे, कारण त्याला मारावयाचे नसून हुसकावयाचे असे. ज्वारी निसवू लागली की पाखरांचे थवे उतरत, आणि मचाणावर उभ्या असलेल्या राखणदाराच्या हाती गोफण असे. अंबाडीच्या किंवा तागाच्या दोरीची ही गोफण मधोमध विणलेल्या खोलगट पट्ट्यामुळे दगड धरून ठेवते. तिचे एक टोक बोटात अडकवलेले आणि दुसरे चिमटीत धरलेले असते, आणि डोक्याभोवती गरगर फिरवून चिमटीतले टोक सोडले की गोफणगुंडा सुटतो. शेतकऱ्याच्या पोराचे पहिले हत्यार बहुधा हेच. गोफण बनवण्यास पैसा लागत नाही, चालवण्यास सराव मात्र पुष्कळ लागतो, आणि नवशिक्याचा दगड पाखरापेक्षा शेजारच्या शेतात जाण्याचाच संभव अधिक.

बंदुकीने ही सारी उतरंड बदलली. दारू व छरे नळीच्या तोंडातून ठासून भरावयाची ठासणीची किंवा भरमार बंदूक पाटील-देशमुखांच्या वाड्यांत आली, आणि १८७८ च्या शस्त्र कायद्यानंतर इंग्रजी अमलात हत्यार बाळगणे ही परवान्याची बाब होत गेली. १९५९ च्या शस्त्र कायद्यातही पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची स्वतंत्र तरतूद ठेवलेली आहे. शिकारीच्या बाबतीत निर्णायक ठरला तो १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा. त्यात शस्त्र या संज्ञेची जी व्याख्या आहे तीत बंदूक व दारूगोळ्याबरोबर धनुष्यबाण, गळ, सुरी, जाळी, विष, फासे आणि सापळे यांचीही नावे घेतलेली आहेत. वेगवेगळ्या डोंगरमाळांवर आणि वेगवेगळ्या जातींत शतकानुशतके विभागलेली हत्यारे प्रथमच एका वाक्यात, एका पातळीवर आली. सुरुवातीला परवान्याने काही प्राण्यांच्या शिकारीस जागा होती, तीही १९९१ च्या दुरुस्तीने जवळजवळ संपुष्टात आली. काळवीट या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या गटात आहे, आणि शेजारच्या वाशीम जिल्ह्यात कारंजा-सोहोळ येथे खास काळविटांसाठी अभयारण्य आहे. डोणगावच्या शेतकऱ्याच्या दृष्टीने या संरक्षणाची दुसरी बाजूही आहे : सोयाबीन आणि तुरीच्या शेतात शिरणारे रोही, म्हणजे नीलगाय, आणि रानडुकरे यांच्यापुढे त्याला रात्रीची जागल, फटाके व तारेचे कुंपण यांवरच बहुतेक वेळा अवलंबून राहावे लागते, आणि ही तक्रार केवळ कायद्याकडे बोट दाखवून मिटणारी नाही. तरीही त्यावर क्रॉसबो हा उतारा नव्हे. दुकानात तो मिळाला तरी रानातील जनावरावर तो रोखणे हा गुन्हाच ठरेल.

धनुष्य मात्र बुलढाणा जिल्ह्यात परतले आहे, आणि तेही वेगळ्याच वाटेने. अमेरिकेतील हॉलिस विल्बर ॲलन याने १९६६ मध्ये ज्याच्या पेटंटसाठी अर्ज केला, त्या कंपाउंड धनुष्याच्या दोन्ही टोकांना कप्प्या असतात, त्यांवरून तारा फिरतात आणि दोरी पूर्ण मागे आली की कप्पी वळून ओढीचा बहुतेक भार नाहीसा होतो. ६० पौंडांचे धनुष्य धरून ठेवताना हातावर त्याचा लहानसा अंशच राहतो, आणि स्पर्धेत ६० पौंड हीच त्याच्या ओढीची कमाल मर्यादा आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये हांगझौ येथील आशियाई स्पर्धांत पुरुषांच्या कंपाउंड सांघिक प्रकारात भारताने दक्षिण कोरियाचा २३५-२३० असा पराभव करून सुवर्णपदक जिंकले, त्या तिघांच्या संघात अभिषेक वर्मा व नागपूरचा ओजस देवतळे यांच्याबरोबर बुलढाण्याचा प्रथमेश जावकर होता. या खेळात सावज नसते. ५० मीटरवर ८० सेंटिमीटर व्यासाचे कागदी लक्ष्य असते. खेळाडू दोरीला बोट लावीत नाही. ती रिलीज नावाच्या हातात मावणाऱ्या धातूच्या छोट्या साधनाच्या आकड्यात अडकवतो, मागे ओढतो, भार उतरल्यावर नेम स्थिर करतो आणि मग साधनाची खिटी हलकेच दाबतो, म्हणजे आकडा सुटतो आणि बाण निघतो. मराठीत त्या खिटीला चाप म्हणण्यास काहीच हरकत नाही.